निळी डॅमसेल ठणठणीत, बाकी कुणी टिकेना

कोल्हापुरात मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणारे मोजकेच, त्यामुळे तक्रारीही फिरून फिरून त्याच येतात. त्यातली पहिल्या नंबरची ही: टँकमध्ये एक निळी डॅमसेल आहे, कधीपासूनची आहे, खाते-पिते, रंग झकास. पण तिच्या जोडीला जे आणून सोडावं ते दोन दिवस, चार दिवस, फार तर आठवडा काढतं. क्लाउनची जोडी गेली, फायरफिश गेला, कार्डिनल गेला. पाणी बदलून झालं, मीठ बदलून झालं, दुकान बदलून झालं. मग हमखास हा प्रश्न येतो, ‘अवो, पाण्यात खोट असती तर डॅमसेल कशी जगली असती?’

इथंच घोटाळा आहे. पाण्याच्या बाबतीत डॅमसेलची साक्ष धरायची नाही. तिच्या तब्येतीवरून टँकची तब्येत कळत नाही.

डॅमसेल म्हणजे क्लाउनच्याच कुळातला मासा. मालवणच्या खडकांत दिसणारे पट्टेवाले सार्जंट मेजर हेही याच भावकीतले. ही सगळी मंडळी दगडाच्या आसऱ्यानं राहणारी, आपला तुकडा राखणारी आणि कमालीची काटक. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी पदार्थ इतर माशांना लोळवतील एवढे झाले तरी डॅमसेल तग धरते. म्हणून तर नवा टँक लावला की ‘आधी दोन डॅमसेल सोडा, सायकल होऊ द्या, मग बाकीचे न्या’ असा सल्ला दुकानातून मिळतो. सायकल म्हणजे हेच: अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तेवढे दिवस ती बिचारी ते पाणी सोसते. मला ही पद्धत मुळातच पटत नाही. सोललेल्या कच्च्या कोळंबीचा एक तुकडा टँकमध्ये कुजू दिला तरी तेच काम होतं, आणि कुणाचे कल्ले जळत नाहीत. पण त्या सल्ल्याचा खरा भुर्दंड नंतर बसतो. पहिली आलेली डॅमसेल म्हणजे एसटीच्या सगळ्या सीटवर रुमाल टाकून बसलेला माणूस. तुम्ही नंतर कुणालाही चढवा, तिच्या लेखी जागा नाही.

त्यामुळे नवा मासा मेला की पहिला प्रश्न ‘पाणी कसं आहे’ हा नाही. तो सोडल्यापासून किती वेळानं मेला आणि मेला तेव्हा कसा दिसत होता, हे आधी सांगा. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

रात्री सोडला आणि सकाळी गेला, वर येऊन धापा टाकत होता, तर पिशवीतून टँकमध्ये घेताना काहीतरी बिघडलंय किंवा पाण्यात अमोनिया आहे. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी गेला, अंगावर एकही खूण नाही, खायला तोंड लावलं नाही, नुसता एका जागी उभा होता, तर खारटपणाच्या फरकाचा संशय घ्या. तीन-चार दिवसांनंतर अंगावर धूळ किंवा मिठाचे कण दिसले, कल्ले भराभर हलत होते, तर रोग. शेपटीची कडा कुरतडलेली, पर दोऱ्यासारखे लोंबणारे, आणि मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागं दडलेला, तर आरोपी निळ्या कपड्यात समोरच फिरतोय. आणि मासा गायबच असेल तर आधी टँकच्या मागं जमिनीवर बघा. फायरफिश तर हाकलला की सरळ उडी मारतो, स्टँडमागं वाळून पडलेला सापडतो. झाकण नसेल तर आज जाळीचं करून घ्या.

आता मारहाणीचं. ‘आमची डॅमसेल तसली नाही, आम्ही समोर बसून बघितलंय,’ असं बरेच जण सांगतात. तुम्ही काचेसमोर असता तेव्हा तिचं लक्ष तुमच्या हाताकडं असतं, खाणं येतंय म्हणून. मोबाईल स्टँडला लावा, व्हिडिओ चालू करा आणि खोलीबाहेर जा. तासाभराचं रेकॉर्डिंग बघितलं की चित्र स्पष्ट होतं. डॅमसेल सतत पाठलाग करत नाही. ती आपल्या बिळाच्या तोंडाशी असते. नवा मासा ठरावीक रेषा ओलांडून आला की निळी रेघ सुटल्यासारखी जाते, शेपटीला किंवा पोटाजवळ एक टोचा देते आणि परत बिळाशी. सगळा प्रकार सेकंदभराचा. पण दिवसातून हे शेकडो वेळा झालं की नव्या माशाचं खाणं सुटतं, आणि उपाशी, भेदरलेला मासा कुठल्याही बारीक कारणानं मरतो. जखमेनं मरणारे कमी, या छळानं खंगणारे जास्त.

दोन फुटी टँकमध्ये ती रेषा म्हणजे जवळजवळ अख्खा टँक. 24 बाय 12 बाय 12 इंचांच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर 56 लिटर पाणी बसतं, दगड टाकल्यावर 45 च्या आसपास. एवढ्यात एक डॅमसेल ठेवली तर तिच्यासोबत दुसरं काही ठेवायचा विचार सोडलेला बरा. तीन फुटी, 36 बाय 15 बाय 15 इंचांच्या टँकमध्ये 130 लिटरच्या घरात पाणी असतं, तिथून पुढं प्रयत्न करायला अर्थ आहे.

जातीजातीतही फरक आहे, आणि दुकानात सगळ्यांना ‘ब्लू डॅमसेल’ म्हणून एकाच टँकमध्ये कोंबलेलं असतं. पूर्ण निळी, ब्लू डेव्हिल म्हणतात ती क्रिसिप्टेरा सायनिया, नावाप्रमाणंच वागते. निळ्या अंगाची पण शेपूट स्वच्छ पिवळी असलेली यलोटेल, म्हणजे क्रिसिप्टेरा पॅरासेमा, तिच्या मानानं बरीच सुसह्य. पोट आणि शेपूट दोन्ही पिवळी असलेली अझ्युर मधली. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो लहानपणी फार गोंडस दिसतो. तो घेऊ नका. तो चांगला वीतभर नसला तरी दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि मोठा झाला की साफसफाईला आत घातलेल्या तुमच्या हातालाही चावायला येतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हंबगही त्यातलाच. ‘एकटी आहे म्हणून भांडते, अजून तीन-चार आणू’ हा उपाय लहान टँकमध्ये उलटतो. काही आठवड्यांत चारांची एक उरते, आणि उरलेली सगळ्यात दांडगी असते.

जाता जाता एक. घाबरली की ब्लू डेव्हिल क्षणात काळपट पडते आणि बिळात शिरते. हा रोग नाही. तिचा निळा रंग त्वचेतल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवरून उजेड परतून येण्यातून दिसतो, त्यांची मांडणी बदलली की रंग बदलतो. ती शांत झाली की रंग परत येतो. यासाठी औषध ओतणारे पाहिलेत, म्हणून सांगितलं.

उपाय एकच खात्रीचा: डॅमसेलला बाहेर काढा आणि परत आत घालताना तिचा नंबर शेवटचा लावा.

जाळी घेऊन मागं लागलात तर सगळे दगड पाडाल आणि डॅमसेल हाती लागणार नाही. तिची झोपायची जागा ठरलेली असते. दिवे बंद करून तासभर थांबा, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून बघा, ती त्याच बिळात असेल. आता मासा पकडू नका, दगडच उचला. टँकच्याच पाण्यानं अर्धी भरलेली बादली शेजारी ठेवा आणि दगड सावकाश, न हिंदकळवता वर काढा. घाबरून बाहेर पळण्याऐवजी ती बिळात आणखी आत सरकते, आणि दगडासोबत आपसूक बादलीत येते. बिळाचं तोंड खाली करून बादलीतल्या पाण्यात दगड दोनदा हलवला की टपकन बाहेर. दगड मोठा असेल तर लिटरभराच्या पाण्याच्या बाटलीचा गळा कापून तो उलटा आत बसवा, तळाशी थोडं खाणं टाका आणि बाटली दोऱ्यानं सोडा. डॅमसेल हावरट असते, बहुतेक वेळा पहिली तीच शिरते.

काढलेली डॅमसेल ठेवायची कुठं? त्याच टँकमध्ये, पण कैदेत. दुकानांचे बोर्ड करणाऱ्यांकडे ॲक्रिलिकचे तुकडे मिळतात, त्याचा भोकं पाडलेला डबा करून घ्या. नाहीतर बारीक जाळीची प्लॅस्टिकची परडी, झाकणासकट, काचेला सक्शन कपनं अडकवून चालते. पाणी आरपार फिरलं पाहिजे आणि तिला आतून सगळं दिसलं पाहिजे. तिला तिथंच दिवसातून दोन वेळा खाऊ घाला. दरम्यान टँकमधल्या दगडांची मांडणी पूर्ण बदला, थोडीफार नव्हे. जुनी बिळं, जुने बोळ काही ओळखू येता कामा नये. मग नवे मासे सोडा, शक्यतो दोन-तीन एकदम, टँकचे दिवे बंद केल्यावर. दहा-पंधरा दिवसांत ते खायला लागले, त्यांनी आपापल्या जागा धरल्या, की एका रात्री डॅमसेलला सोडा. आता उशिरा चढलेली ती असते.

पहिले दोन-तीन दिवस तरीही धुसफूस होते. त्यासाठी काचेला बाहेरून एक छोटा आरसा चिकटवा. ती प्रतिबिंबाशी भांडत बसते, तेवढा बाकीच्यांना श्वास मिळतो. दिवसभर मात्र ठेवू नका, तिचीही दमछाक होते. खाणं थोडं थोडं करून तीनदा द्या. पोट भरलेली डॅमसेल साधू होत नाही, पण निदान प्रत्येकाच्या अंगावर जात नाही.

एवढं करूनही मासे जात असतील, आणि अंगावर चावल्याची खूण नसेल, तर मग खारटपणाकडं या. कोल्हापूरच्या हौशींचे सगळ्यात जास्त मासे इथं जातात असं माझं मत आहे, आणि दोष डॅमसेलच्या नावावर जातो.

आपल्याकडं मासे बहुतेक पुण्या-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या पेटीत येतात. पाठवणारे अनेक जण आपल्या टँकमधल्या पाण्याची घनता (गोड्या पाण्याची 1 धरून) 1.018 ते 1.020 ठेवतात. मीठ कमी लागतं आणि परजीवीही दबून राहतात. म्हणजे दर हजारी साधारण 25 भाग क्षार. तुमच्या टँकमध्ये समुद्रासारखे 35, घनता 1.025-1.026. त्यात एप्रिल-मे. पंखा लावून पाणी थंड ठेवायचं म्हटलं की रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं, आणि मीठ काही उडत नाही. 45 लिटरमधलं तीन लिटर पाणी उडालं आणि भरायचं राहिलं तर 35 चे साडेसदतीस होतात. डॅमसेल त्या चढासोबत हळूहळू चढलेली असते, तिला काही वाटत नाही. नवा मासा 25 वरून थेट साडेसदतीसवर येतो. अर्धा तास पिशवी तरंगवून, कपानं पाणी मिसळून हा फरक भरून निघत नाही. मासा त्या दिवशी बरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी जातो. खारट पाण्यातून कमी खारट पाण्यात जाणं मासे बऱ्यापैकी सोसतात, उलट दिशेनं नाही.

म्हणून मागवायच्या आधी पाठवणाऱ्याला त्याची घनता विचारा. वेगळ्या टबात तेवढ्याच घनतेचं पाणी तयार ठेवा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, पिशवी फोडा, मासा काढून लगेच टबात सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. तासन् तास थेंब थेंब पाणी मिसळत बसू नका. बारा तासांच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळं पीएचही उतरलेला, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकलेलं असतं, म्हणून तो अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. पीएच 7 ला आणि 8.2 ला मुक्त अमोनियाच्या प्रमाणात दहापटीहून जास्त फरक असतो. टबात आल्यावर मग रोज घनता एक ते दोन हजारांशांनी वाढवत चार-सहा दिवसांत टँकच्या पातळीला न्या.

मोजायचं साधन आधी तपासा. काट्याचा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण काट्याला बुडबुडा चिकटला की तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो. काट्यावर पांढरा क्षार बसला की उलट, काटा जड होऊन आकडा कमी दाखवतो, आणि आपण बिनधास्त आणखी मीठ टाकतो. अधूनमधून तो व्हिनेगरमध्ये भिजवून धुवा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारी दुर्बीण) असेल तर 35 च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या, नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. उडालेलं पाणी भरताना गोडं पाणीच भरायचं, खारं नव्हे. काचेवर बाहेरून चिकटपट्टी लावून पातळीची खूण करा आणि रोज सकाळी तेवढं भरा.

गोडं पाणी म्हणजे मात्र नळाचं नाही. थेट पाईपलाईनचं असो की पंचगंगेचं, ते क्लोरीन घालूनच येतं. घरच्या आरओचं पाणी वापरायला हरकत नाही, पण त्या मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, वाढवणारा स्क्रू असतो, तो कच्चं पाणी मिसळतो. टीडीएस मीटर लावून बघा, दोन आकडी मोठा आकडा आला तर ते पाणी उपयोगाचं नाही. आणि मशीन तांबं सोडणारं ‘कॉपर’वालं असेल तर अजिबात नको. मासे कदाचित सोसतील, पण कोळंबी आणि गोगलगायी आधी मरतात, आणि त्या का मरतात हे शोधण्यात महिने जातात. खडे मीठ चालेल का, असंही विचारतात. नाही. त्यात बहुतेक सोडियम क्लोराइडच असतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, कार्बोनेट कुठून येणार? आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन समुद्राचं पाणी कॅनमध्ये आणणारेही आहेत. उन्हाळ्यात, खाडीपासून लांबचं, स्वच्छ किनाऱ्याचं आणलं तर ठीक. पावसाळ्यात नद्यांचं पाणी किनाऱ्याला मिसळतं, ते आणणं म्हणजे गढूळ आणि अर्धं गोडं पाणी विकत न घेता घरी आणणं. जाताच आहात तर प्रवाळाचा तुकडा ‘शोसाठी’ उचलू नका. खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

अमोनिया तपासायचं किट हवंच. पाणी स्फटिकासारखं दिसतं हा पुरावा नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आलं पाहिजे. शून्य नसेल तर नवा मासा आणायचा विषयच बंद, आणि खाणं निम्मं करा. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांच्या वर गेलं तर ऑक्सिजन कमी राहतो, अशात रात्री लाईट गेली की पंप बंद, आणि पहाटे नवा, आधीच दमलेला मासा सगळ्यात आधी जातो. बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप याला पुरतो.

शेवटचा संशयित रोग. मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, बारीक सोनेरी धूळ आणि जबर धाप म्हणजे बहुधा व्हेल्व्हेट, आणि हा दुसरा दोन-तीन दिवसांत मासा नेतो. इथंही डॅमसेल फसवते. तिच्या अंगावर एखाद-दुसरा ठिपका येतो-जातो, ती चटकन आजारी पडत नाही, पण परजीवी टँकमध्ये जिवंत राहतो आणि प्रत्येक नव्या पाहुण्याला पकडतो. असं वाटलं तर सगळे मासे, डॅमसेलसकट, दुसऱ्या टबात काढा, तांबं असलेल्या औषधाचा उपचार तिथंच करा आणि तांबं मोजायच्या किटशिवाय करू नका. मुख्य टँकमध्ये तांबं ओतायचं नाही. दगड ते शोषतात आणि कोळंबी-गोगलगायी मरतात. टँक साधारण अडीच महिने माशांविना चालू ठेवला की परजीवी उपासमारीनं संपतो. हे कंटाळवाणं काम आहे, पण यात आडवाट नाही.

एक प्रकार राहिला. वर्षभर शहाण्यासारखी वागलेली डॅमसेल अचानक पिसाळते, अगदी काचेवर धावून येते. तिच्या बिळाचं छत टॉर्चनं नीट बघा. बारीक, लांबट अंडी चिकटलेली असतील तर ‘ती’ नव्हे, तो आहे. अंड्यांची राखण नर करतो, आणि परांनी त्यांना वारा घालत असतो. चार-पाच दिवसांत अंडी फुटली की स्वभाव पूर्वपदावर येतो, तेवढ्यात दगड हलवायला जाऊ नका. जोडी जमली असेल तर मात्र हे पुन्हा पुन्हा होत राहील, आणि मग त्या जोडीला वेगळा टँक द्यावा लागेल किंवा दुकानदाराला परत करावी लागेल. फोन करून विचारा, निरोगी डॅमसेल घ्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.